आमची पत छपरावर मोजा

आम्ही पालघर जिल्ह्यातले सोलर बसवणारे. आमच्यातले काही दातिवऱ्याचे, काही एडवण-केळव्याचे, काही सफाळ्याहून सकाळची गाडी धरून बोईसरला उतरणारे. कुणी आयटीआय करून वायरमनचा परवाना काढला, कुणी घरांची वायरिंग केली, कुणी वाड्यांतले पंप दुरुस्त केले, कुणी इन्व्हर्टर-बॅटऱ्या विकल्या, आणि मग सगळेच पॅनेलकडे वळलो. धंद्याचा पसारा म्हणाल तर एक गाळा, भाड्याचा टेम्पो आणि हाताखाली चार-सहा मुलं. काम येतं, काम जमतंही. अडतं ते पैशापाशी. म्हणून हा जाहीरनामा उन्हाबद्दल नाही, पैशाबद्दल आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्याच्या, बर्फाच्या फॅक्टरीच्या, भातगिरणीच्या छपरावर सोलर उभं करायला कर्ज देताना बसवणाऱ्याचं घर, जमीन आणि बायकोचं सोनं मोजू नका. त्या छपराखाली दर महिन्याला येणारं वीजबिल मोजा. कर्ज फिटणार आहे ते त्या बिलात वाचलेल्या पैशातून.

तारापूर एमआयडीसीतलं एक साधं काम घ्या. ५० किलोवॅट. पाच हजार चौरस फुटांच्या आसपास मोकळं छप्पर, साडेपाचशे वॅटची नव्वद-एक्याण्णव पॅनेल. किलोवॅटला पन्नास हजार धरले तर २५ लाखांचं काम. मालक वर्कऑर्डरबरोबर वीस टक्के देतो, म्हणजे ५ लाख. पॅनेलचा डीलर पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय गाडी सोडत नाही, इन्व्हर्टरवालाही तसाच. स्ट्रक्चरचं लोखंड, केबल, अर्थिंग, क्रेन, मजुरी हे सगळं रोखीचं. माल छपरावर चढला की मालक आणखी थोडे सोडतो, पण मोठा हप्ता अडकतो तो नेट मीटरला. अर्ज, फीजिबिलिटी, तपासणी, मीटरची चाचणी, करार. हे उरकेपर्यंत सगळं तयार होऊन उभं असतं आणि आमचे दहा-बारा लाख त्या छपरावर पडून असतात. शेवटचे पाच-दहा टक्के तर वर्षभर राखून ठेवतात, ‘चालतंय का बघू’ म्हणून.

हे दहा लाख आणतो कुठून? सोनं ठेवतो. भावाच्या नावावर पर्सनल लोन काढतो. नाहीतर खाजगी सावकाराकडे शेकडा दोन टक्के महिना. दहा लाखांवर चार महिन्यांचं व्याज झालं ८० हजार. २५ लाखांच्या कामात सगळं सुरळीत पार पडलं तर हातात अडीच लाख उरतात, त्यातला तिसरा हिस्सा व्याजात गेला. पावसाळा मध्ये आला आणि चाराचे सहा महिने झाले तर निम्मा गेला. मालकाला उधारी आम्ही देतो, डीलरला रोख आम्ही मोजतो. अख्ख्या व्यवहारात बँकेचं काम करणारे आम्हीच, आणि बँकेच्या काउंटरवर पत नसलेलेही आम्हीच.

हे या किनाऱ्यावर घडावं याचा राग जास्त येतो. विजेला पैसा कसा पुरवायचा हे इथे कुणाला शिकवायची गरज नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं १९६९ मध्ये चालू झाली, ती अमेरिकेने दिलेल्या ८ कोटी डॉलरच्या कर्जावर. व्याज पाऊण टक्का, फेडायची मुदत ४० वर्षं. तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. डहाणूला ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं राहिलं, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना गेली. मोठ्या विजेला स्वस्त पैसा, लांब मुदत आणि सरकारची हमी हे सगळं मिळालं, आणि त्यात गैर काही नाही. वीज हा धंदाच तसा आहे. सगळा खर्च पहिल्या दिवशी, कमाई पुढची पंचवीस वर्षं. आमच्या ५० किलोवॅटचा स्वभाव नेमका तोच आहे. मग त्याला सावकाराचा पैसा आणि चार महिन्यांची मुदत का?

घरांचं तसं बरं चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य ठेवून. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आणि वर तारणाशिवाय कर्ज. त्यातली कामं आम्हीही करतो. पण व्यापारी-औद्योगिक छपराला अनुदान नाही. नसू दे, धंदेवाल्याला फुकट कशाला? त्याला आयकरात घसारा मिळतो, वर्षाला ४० टक्के. मात्र तो घसारा उपयोगी पडतो ज्याला करपात्र नफा आहे त्याला. केळव्याच्या रिसॉर्टवाल्याला किंवा सफाळ्याच्या भातगिरणीवाल्याला त्याचं काय करायचं? त्याला हवंय कर्ज, आणि तेच मिळत नाही.

कागदावर मात्र सगळं आहे, हे कबूल केलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ३५ कोटींपर्यंतचं अपारंपरिक ऊर्जेचं कर्ज प्राधान्य क्षेत्रात मोडतं. लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसईची हमी आहे. तिची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली, आणि ती हमी आहेच मुळी तारण न घेता कर्ज द्यावं यासाठी. २०१६ मध्ये जागतिक बँकेने स्टेट बँकेमार्फत छतावरच्या सोलरसाठी साडेबासष्ट कोटी डॉलर देऊ केले. हा पैसा खाली आला, पण ज्यांचा ताळेबंद जाडजूड आणि पतमानांकन वरचं त्या विकासकांपर्यंतच. ते मोठी छपरं निवडून घेतात, मालकाशी वीस-पंचवीस वर्षांचा युनिटचा दर ठरवतात, आणि प्रत्यक्ष पत्र्यावर चढायला आम्हालाच बोलावतात, वॅटमागे मजुरी ठरवून. शिडी आमची, घाम आमचा, आणि पंचवीस वर्षांची कमाई दुसऱ्याची. तरीही त्यांच्याशी आमचं भांडण नाही. ५० किलोवॅटच्या गाळ्याकडे ते फिरकतच नाहीत, भांडायचं कुणाशी?

शाखेत गेलो की काय होतं ते लिहायला फार शब्द लागत नाहीत. तीन वर्षांचे रिटर्न, ताळेबंद, जामीनदार, आणि शेवटी सातबारा. हमी योजनेचं नाव काढलं की साहेब म्हणतात, ‘ते वरून ठरतं.’ पॅनेलच तारण घ्या म्हटलं तर म्हणतात, ‘छपरावरून उतरवून आम्ही विकणार कुणाला?’ हा प्रश्न आम्हाला मान्य आहे, म्हणून उत्तरही देतो. पॅनेल उतरतं, इन्व्हर्टर उतरतो, दोन्ही दुसऱ्या छपरावर चालतात. वाया जातं ते थोडं स्ट्रक्चर आणि केबल. ते उतरवून दुसरीकडे बसवण्याचं काम आम्ही सगळे मिळून अंगावर घेतो, लिहून देतो.

आता बिलाचा हिशोब. आपल्या भागात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट म्हणायची पद्धत आहे. आम्ही जरा हात राखून धरतो. ५० किलोवॅटची वर्षाला ६५ हजार युनिटं, युनिट आठ रुपयांना, म्हणजे ५ लाख २० हजार. मालकाने साडेसात लाख स्वतः घातले आणि साडेसतरा लाख पाच वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी उचलले, तर महिन्याचा हप्ता ३७ हजार ६०० च्या आसपास. महिन्याची बचत सरासरी ४३ हजार. हप्ता बिलातून निघतो आणि वर थोडं उरतं. पाच वर्षांनी हप्ता संपतो, ऊन संपत नाही. या व्यवहारात सोनं कुठे आलं?

पण सरासरी फसवी असते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पॅनेल भरभरून देतात, जुलैत निम्म्यावर येतात. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने सारखा. म्हणून आमची मागणी आहे की हप्ता ऋतूप्रमाणे बांधा: ऑक्टोबर ते मे जास्त, जून ते सप्टेंबर कमी. शेतीचं कर्ज पिकाच्या तारखा बघून मागतात, मग उन्हाच्या कर्जाने पाऊस का बघू नये? बर्फाच्या फॅक्टरीला तर ही गोष्ट दुप्पट लागू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही. त्याच दोन महिन्यांत ऊनही नाही. अशा माणसाकडून जुलैत पूर्ण हप्ता मागायचा आणि तो चुकला की त्याचं सिबिल बिघडवायचं, याला कर्ज देणं म्हणत नाहीत.

उत्पन्नावर कर्ज आणि उत्पन्नातूनच वसुली ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून ऊसबिलातून परस्पर कपात होते. पैसा शेतकऱ्याच्या हातात येण्याआधी सोसायटीचं देणं वळतं होतं. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्या डिझेल आणि बर्फ खात्यावर देतात आणि मासळीच्या पैशातून कापून घेतात. बचत गटांतल्या बायकांनी तर दाखवून दिलं की जामीन म्हणून शेजारीण पुरते. या सगळ्या जुन्या वाटा आहेत. सोलरच्या कर्जाला त्या लावायच्या एवढंच आमचं मागणं.

बाहेरचं एक उदाहरण आम्ही मुद्दाम अभ्यासलं: बांगलादेश. तिथे इडकॉल नावाच्या सरकारी वित्तसंस्थेने २००३ पासून गावोगावच्या संस्थांना पैसा पुरवला. संस्था घराघरात छोटी सौर यंत्रणा बसवायच्या, हप्ते गोळा करायच्या, आणि इडकॉल त्यांना मागून स्वस्त दराने पैसे द्यायची; पण अट ही की माल तिने ठरवलेल्या दर्जाचाच हवा आणि बसवलेलं काम तिचा माणूस येऊन तपासणार. अशी ४० लाखांहून जास्त घरं झाली. पुढे विजेच्या तारा पोचल्या, सरकारने काही ठिकाणी तेच संच फुकट वाटले, आणि हप्ते थकून बसवणाऱ्या संस्था बुडीत गेल्या. आम्ही दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतो. बसवणाऱ्याच्या मागे पैसा उभा केला तर काम किती वेगाने पसरतं ही एक. आणि सरकारचं धोरण बदललं तर सगळ्यात आधी तोच मरतो ही दुसरी.

म्हणून धोरणाबद्दल गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. ‘तीन वर्षांत पैसे वसूल’ अशा पाट्या आमच्यातल्याही काहींनी लावल्या आहेत. त्या उतरवा. केंद्राने जून २०२३ मध्ये वीजदराचे नियम बदलले. १० किलोवॅटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकाला आता वेळेप्रमाणे दर, आणि उन्हाच्या तासांत दर कमी. पॅनेल जेव्हा वीज देतं नेमकी तेव्हाच ग्रिडची वीज स्वस्त होणार, म्हणजे आमच्या युनिटची किंमत उतरणार. ज्याची सगळी पाळी रात्रीची त्याला सोलर विकताना हे कागदावर लिहून द्यायचं. त्याला परवडत नसेल तर काम सोडायचं. एका फसलेल्या कामामुळे बँक पुढच्या दहा कामांना दार लावते.

आता आम्ही काय करणार ते. वेगवेगळं गेलो तर आमचा अर्ज टेबलावरून खाली पडतो. तेव्हा दहा-पंधरा छपरं एकत्र बांधायची. १९६० च्या सहकार कायद्याखाली संस्था नोंदवायची. सभासद आम्ही आणि छपरांचे मालक, दोघंही. करार सगळ्यांचा एकच, अंदाजपत्रकाचा नमुना एकच, मीटरच्या नोंदी एका वहीत. बँकेने संस्थेला एक कर्ज द्यावं, संस्थेने ते कामाकामाला टप्प्याने सोडावं. मालकाचा पैसा त्या कामाच्या वेगळ्या खात्यात येईल, त्यातून आधी डीलर, मग मजुरी, मग आमचा नफा. आमच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा प्रत्येक कामामागे राखीव निधीत जाईल, आणि कुठलं छप्पर थकलं तर पहिला तोटा त्या निधीतून भरला जाईल. म्हणजे बँकेच्या आधी आम्ही बुडू. याहून मोठं तारण आमच्याकडे नाही.

गाळे भाड्याने चालवणाऱ्यांचा प्रश्न खास बोईसरचा. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या लीजवर एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा, वीजबिल भरणारा तिसरा. छपरावर हक्क कुणाचा? कर्ज कुणाच्या नावावर? मालक, भाडेकरू आणि संस्था यांचा तिहेरी करार आम्ही तयार करतोय: भाडेकरू बदलला तरी हप्ता त्या मीटरबरोबर पुढच्याकडे जाईल. एमआयडीसीने अशा कराराला एकच छापील नमुना मान्य करावा आणि संमतीपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावं. कारखानदारांची संघटना, तिमा, हिने आपल्या सभासदांना हा करार दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

थकलेल्या पैशाबद्दलही बोलू. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. वर आयकराच्या नव्या कलमानुसार वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. मग आम्ही गप्प का बसतो? एक कारण भीती, पुढचं काम जाईल ही. दुसरं, पुरवठा आणि उभारणी एकाच ऑर्डरमध्ये असली की ‘हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, याला तो कायदा लागत नाही’ असा बचाव उभा राहतो. तेव्हा आजपासून मालाची ऑर्डर वेगळी, उभारणीची वेगळी, बिलं वेगळी, आणि उद्यम नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर. जीएसटीवाल्याला विचारूनच करा, कारण दोन्हीचा कर वेगळा पडतो. आणि पैसे थकले तर एकट्याने फोन करत बसायचं नाही. पत्र संस्थेचं जाईल. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिलं वटवण्याच्या टीआरईडीएस मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे. तारापुरात अशा कंपन्या आहेत. आमची बिलं त्यांनी तिथे स्वीकारावीत, आम्ही वटवून घेऊ.

पैसा मागणाऱ्याने काम कसं करणार हेही सांगायला हवं. दातिवऱ्याचा वारा खारा आहे आणि तारापूरच्या हवेत रसायनं. साधा रंग मारलेला अँगल इथे दोन पावसाळ्यांत सोलवटतो. आम्ही गरम जस्तात बुडवलेलंच लोखंड वापरू, नट-बोल्ट स्टेनलेसचे, पॅनेल खाऱ्या हवेच्या चाचणीत उतरलेलंच. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून वर गेलं तेव्हा वारा काय असतो ते सगळ्यांनी पाहिलंय. फाउंडेशनमध्ये सिमेंट वाचवून मिळवलेला नफा असा एका दुपारी जातो. पत्र्याचं आयुष्य पाच वर्षं उरलं असेल तर त्यावर पंचवीस वर्षांचं पॅनेल बसवणार नाही, आधी पत्रा बदला म्हणून सांगू.

आणि सिमेंटचा पत्रा. त्यावर पाय पडला की तो सांगून फुटत नाही. आमच्या कामांवर पत्र्यावर चढणारी मुलं बहुतेक विक्रमगड-जव्हारकडची, रोजंदारीची. पट्टा आणि दोरी नाही, फळ्या नाहीत, विमा नाही. दर कमी करायचा तर पहिली कात्री तिथेच लागते. आमच्या संस्थेच्या अंदाजपत्रकात सुरक्षा आणि विमा ही वेगळी ओळ असेल, आणि ती ओळ कुणी घासाघीस करून खोडू शकणार नाही. जो खोडेल त्याचं सभासदत्व जाईल. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते, यावर नाही.

दर महिन्याला प्रत्येक छपराने किती युनिटं दिली ते आम्ही जाहीर करू, कमी दिली तरी. बँकेला आमचा ताळेबंद वाचायचा कंटाळा असेल तर तिने ही यादी वाचावी.

बँकांकडे आमचं मागणं आहे: वर्कऑर्डरवर खेळतं भांडवल, हमी योजनेचा खरा वापर, पावसाळ्यात कमी हप्ता, आणि दहा छपरांचा एक अर्ज. ठाणे जिल्हा मध्यवर्ती बँकेला आणि वसईच्या सहकारी बँकांना हे आधी सांगतो, कारण हा भाग त्यांच्या ओळखीचा आहे. महावितरणकडे मागणं एकच: नेट मीटरचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे आणि किती दिवस आहे, हे अर्जदाराला दिसू द्या. तो प्रत्येक दिवस आम्हाला व्याजाने पडतो.

सोलर बसवणाऱ्यांनो, दातिवऱ्याला या. येताना अडकलेल्या वर्कऑर्डरची प्रत, थकलेली बिलं आणि आजवर केलेल्या कामांच्या मीटरच्या नोंदी आणा. कारखानदार, गिरणीवाले, रिसॉर्टवाले, बर्फवाले, तुम्ही मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि छपराचा एक फोटो आणा. बँकेतल्या साहेबांनी नुसतं यावं. सातबारा मागणार नसतील तर बसायला खुर्ची देऊ.